मोंढ्याची रीत आणि न्यायालयाचें व्याज

उधारीच्या व्यवहारांत मालाची किंमत किती, यावर फारसे तंटे होत नाहींत. ती किंमत हातीं पडण्यास जो विलंब लागतो त्या विलंबाचें मोल किती, यावर मात्र मित्रांचीं तोंडें फिरतात, पेढ्यांचे संबंध तुटतात आणि दावे उभे राहतात. मुखेडच्या एका व्यापाऱ्यानें लातूरच्या डाळीच्या गिरणीला २,००,००० रुपयांची तूर उधार घातली, अशी कल्पना करावी. बिलांत व्याजाविषयीं एक अक्षरहि नाहीं. पैसे आठ महिने थकले. व्यापारी म्हणतो, "मोंढ्यांत थकबाकीवर दरमहा शेकडा दीड रुपया लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे, तेव्हां माझें व्याज २४,००० रुपये झालें." गिरणीचा मालक म्हणतो, "कागदावर व्याज नाहीं, म्हणून व्याजच नाहीं." मध्यस्थीस बसलेला एखादा वयोवृद्ध अडत्या सुचवितो, "वर्षाला शेकडा सहा धरा, ८,००० रुपये द्या आणि प्रकरण मिटवा."

व्यवहार एक आणि उत्तरें तीन. तुरीच्या व्यापारांत सुटणारा नफा थोडका असतो, आणि या आठ महिन्यांत त्या व्यापाऱ्यानें स्वतः बँकेचें किंवा दुसऱ्या पेढीचें व्याज भरलेलें असतें. म्हणून २४,००० आणि शून्य यांमधील अंतर हें त्याच्या दृष्टीनें पुढच्या हंगामांत दुकान उघडावयाचें कीं नाहीं, याचें अंतर होय. न्यायालय अशा वेळीं वस्तुतः 'सर्वांस ठाऊक आहे' या तीन शब्दांची किंमत ठरवीत असतें.

हा विषय नीट उलगडावयाचा तर एक गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. व्याजाच्या बाबतींत रूढि न्यायालयांत एकच काम करीत नाहीं. ती चार निरनिराळीं कामें करते. ती करारांतील शब्दांचा अर्थ सांगते. जेथें करार मुका आहे तेथें व्याजाचा हक्क उत्पन्न करूं शकते. दर आणि हिशेबाची पद्धति ठरविण्यास साह्य करते. आणि शेवटीं, व्याज कोठें थांबलें पाहिजे याची सीमाहि आंखून देते. पहिल्या तीन कामांत ती बहुधा धनकोच्या बाजूनें बोलते, चौथ्यांत ऋणकोच्या.

यांपैकीं पहिलें काम सर्वांत सोपें. बाजारांत व्याज बोलतात तें वर्षाचें नव्हे, महिन्याचें. आण्यांचें चलन होतें तेव्हां 'आठ आणे व्याज' म्हणजे शंभर रुपयांस महिन्याला आठ आणे, अर्थात् सालीना सहा टक्के. 'बारा आणे' म्हणजे नऊ टक्के. 'रुपया' म्हणजे बारा आणि 'दीड रुपया' म्हणजे अठरा टक्के. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आणे गेले. तरी महिन्याच्या शेकड्यावर बोलण्याची संवय गेली नाहीं. परक्या माणसानें चिठ्ठीवर 'व्याज दीड' एवढेंच वाचलें तर तो वर्षाला दीड टक्का समजेल. मोंढ्यांतला पोरगाहि तसें समजणार नाहीं.

मराठवाड्यांत याहून मोठी अडचण होती. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर हा सारा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. तेथें संस्थानचा हाली रुपया चाले, आणि सरहद्दीपलीकडील सोलापूर-मुंबईच्या पेढ्यांचा हिशेब कलदार रुपयांत असे. दोहोंचा ठरीव भाव १०० कलदारांस ११६ हाली रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा होता. सालहि कधीं शकाचें, तर कधीं फसली. तेव्हां 'रुपये शंभर, व्याज बारा आणे' एवढ्याच मजकुराच्या चिठ्ठींत रुपया कोणता आणि साल कोणतें, हें कागद सांगत नसे. तें पेठेची रीत सांगे. अशा ठिकाणीं रूढि करारांत नवें कलम घुसवीत नाहीं. असलेल्या शब्दांना ती अर्थ देते. म्हणून न्यायालयेंहि तिचें म्हणणें सहज ऐकून घेतात. लेखी करारांत न लिहिलेल्या, परंतु त्या जातीच्या करारांस रूढीनें जोडल्या जाणाऱ्या गोष्टी पुराव्यानें सिद्ध करतां येतात, मात्र त्या लेखी शर्तींशीं विसंगत असतां कामा नयेत, असा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. १८७२ च्याच करारकायद्यानें तर पहिल्याच कलमांत सांगून टाकलें आहे कीं, या कायद्याशीं विसंगत नसलेल्या व्यापारी रूढीस त्यामुळें बाध येत नाहीं.

दुसरें काम अधिक वादग्रस्त आहे. पैसे थकले म्हणजे व्याज आपोआप चढतें, ही समजूत लोकव्यवहारांत इतकी रुजलेली आहे कीं, कायदा तसें मानीत नाहीं हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. १८३९ च्या व्याजाच्या कायद्यानें न्यायालयाला व्याज देण्याचा अधिकार दिला तो दोन प्रसंगीं. ठराविक रक्कम ठराविक वेळीं देण्याचा लेख असेल तर त्या वेळेपासून. आणि तसा लेख नसेल तर, 'यापुढें व्याज आकारलें जाईल' अशी लेखी मागणी केल्यापासून. त्या कायद्याच्या अखेरीस एक पुस्ती जोडलेली होती: जेथें प्रचलित कायद्यानें व्याज मिळत आलें आहे, तेथें तें पुढेंहि मिळावें. या पुस्तीच्या दारांतून रूढि न्यायालयांत शिरली. पुढें १८५५ च्या कायद्यानें दरावरील जुनीं बंधनें उठविलीं आणि पक्षकारांनीं ठरविलेला दर असेल तर तो, नसेल तर न्यायालयास वाजवी वाटेल तो दर, अशी व्यवस्था केली.

या साऱ्याचा स्पष्ट निर्वाळा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी विरुद्ध रतनजी रामजी या खटल्यांत दिला. हा निर्णय १९३८ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झाला. नागपुराहून पूर्वेकडे जाणाऱ्या त्या रेल्वेकडे कंत्राटदारांची रक्कम अडकली होती. पैसे अडकवून ठेवल्यानें हानि झाली, सबब नुकसानभरपाई म्हणून व्याज द्यावें, हा युक्तिवाद कौन्सिलनें मान्य केला नाहीं. दावा दाखल होण्यापूर्वींच्या काळाचें व्याज मिळावयाचें तर तीन आधारांपैकीं एक तरी पाहिजे, असें त्यानें सांगितलें: ठरलेल्या दरानें व्याज देण्याचा करार, कायद्याचें बळ असलेली व्यापारी रूढि, किंवा तसा हक्क देणारा एखादा कायदा. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं हींच तीन दारें पुन्हां दाखविलीं. थकलेल्या पैशांबद्दल नुसती हळहळ वाटणें हें चौथें दार नव्हे.

'कायद्याचें बळ असलेली' हें विशेषण येथें महत्त्वाचें आहे. एखाद्या कुळाची किंवा गांवाची पुरातन रूढि सिद्ध करावयाची तर ती फार जुनी, अखंड आणि निश्चित असावी लागते. व्यापारी रूढीची कसोटी इतकी कठोर नाहीं. जगमोहन घोष विरुद्ध माणिकचंद या १८५९ च्या निर्णयांत प्रिव्ही कौन्सिलनेंच असें म्हटलें कीं, व्यापारांतील रीत अजून वाढत्या वयाची असली तरी चालेल; परंतु ती त्या व्यापारांत इतकी परिचित आणि मान्य असली पाहिजे कीं, दोन्ही पक्षांनीं ती न बोलतां आपल्या करारांत गृहीत धरली होती, असें अनुमान सहज करतां यावें. म्हणजे न्यायालय रीत जुनी आहे काय, एवढें विचारून थांबत नाहीं. ती दोघांचीहि होती काय, असें विचारतें.

या कसोटीवर पुष्कळ दावे कोसळतात, याचें कारण एका पेढीची पद्धति आणि पेठेची रूढि यांत व्यापारी फरक करीत नाहींत. एखाद्या दुकानदारानें आपल्या खतावणींत प्रतिवर्षीं दिवाळीला गिऱ्हाइकाच्या नांवें व्याज टाकलें, यावरून त्या दुकानदाराची इच्छा दिसते; पेठेची रीत दिसत नाहीं. नियमितपणें ठेवलेल्या वह्यांतील नोंदी पुराव्यांत येतात हें खरें, परंतु केवळ तेवढ्याच आधारावर दुसऱ्यावर देणें लादतां येत नाहीं, असें पुराव्याचा कायदा स्पष्ट सांगतो. न्यायाधीशाला हवें असतें तें वेगळेंच. त्याच मोंढ्यांतील दुसरे चार अडते शपथेवर काय सांगतात? याच दोघांमध्यें पूर्वीं उधारी थकली तेव्हां व्याज दिलें-घेतलें गेलें होतें काय? आणि ज्याला आज व्याज हवें आहे, तो स्वतः देणेकरी होता तेव्हां त्यानें त्याच दरानें व्याज भरलें होतें काय? रीत ही दोन्ही अंगांनीं चालली पाहिजे; केवळ घेतांना आठवणारी आणि देतांना विसरणारी रीत न्यायालयांत टिकत नाहीं.

साक्षीदारांची आणखी एक अडचण अशी कीं, व्याज लागतें यावर त्यांचें एकमत असतें, पण किती लागतें यावर नसतें. एक म्हणतो रुपया, दुसरा म्हणतो दीड, तिसरा म्हणतो 'माणूस पाहून'. या तिसऱ्या उत्तरानें दराची रूढि बुडते, कारण माणूस पाहून ठरणारी गोष्ट ही सौदेबाजी होय, रूढि नव्हे. तरीहि व्याजाचा हक्क त्यामुळें बुडतोच असें नाहीं. हक्क सिद्ध झाला आणि दर सिद्ध झाला नाहीं, तर वाजवी दर ठरविणें न्यायालयाच्या हातीं राहतें. हक्क आणि दर या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें ज्याला उमगलें त्याला या विषयाचें अर्धें मर्म उमगलें.

मुखेडच्या कल्पित व्यापाऱ्याला येथें एक मोठा आधार आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें, उलट करार नसेल तर, विकलेल्या मालाच्या थकलेल्या किंमतीवर योग्य वाटेल त्या दरानें व्याज देण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. तेव्हां गिरणीमालकाचें 'कागदावर नाहीं, म्हणून व्याजच नाहीं' हें उत्तर टिकण्यासारखें नाहीं. त्याच्या दाव्यांत रूढीचें काम हक्क उत्पन्न करण्याचें नसून दर दाखविण्याचें आहे. याउलट, तेच २,००,००० रुपये त्यानें मित्राला हातउसने दिले असते, तर त्याची बाजू पुष्कळ दुबळी झाली असती. हातउसन्या पैशांवर व्याज घेत नाहींत, हीहि एक रीतच आहे. आणि तेथें ती धनकोच्या विरुद्ध उभी राहते.

रूढीचें तिसरें काम दराचें आणि हिशेबाचें. याचें जुनें उदाहरण म्हणजे हुंडी. १८८१ सालीं चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हां देशी भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांविषयींच्या स्थानिक रूढींना त्यानें धक्का लावला नाहीं. हुंडी कशी लिहावी, कशी सकारावी, न सकारल्यास काय भरून द्यावें, हें पेढ्यांच्या रीतीवर सोपविलें गेलें; कागदावर उलट शब्द असेल तरच ती रीत दूर होई. त्याच कायद्यांत, वचनचिठ्ठीवर दर लिहिलेला नसेल तर सालीना शेकडा सहा धरावे, असें कलम होतें. डिसेंबर १९८८ पासून त्या सहांचे अठरा झाले. हे अठरा टक्के म्हणजे बाजाराच्या बोलींतला महिन्याचा 'दीड रुपया'च होय. शंभरांहून अधिक वर्षें कायदा आठ आण्यांवर उभा होता, तो एका दुरुस्तीनें तिप्पट वर चढला.

हिशेबाच्या पद्धतींतहि रूढीचा न्याय असतो. कटमितीच्या व्याजांत नांवें पडलेल्या रकमेवर जसे दिवस मोजतात, तसेच मध्यंतरीं जमा झालेल्या रकमेचेहि मोजून वजा करतात. १,००,००० रुपये नांवें पडले आणि तीस दिवसांनीं ४०,००० जमा झाले, तर एकतिसाव्या दिवसापासून व्याज ६०,००० वरच चालतें. जो व्यापारी पूर्ण रकमेवर अखेरपर्यंत व्याज मागतो आणि मोंढ्याच्या रीतीचा दाखला देतो, त्याला प्रतिपक्ष त्याच मोंढ्याची ही रीत दाखवूं शकतो. रूढीचा आधार घ्यावयाचा तर तो संपूर्ण घ्यावा लागतो. सोयीचा तुकडा तोडून घेतां येत नाहीं.

चक्रवाढीविषयीं न्यायालयें नेहमींच सावध राहिलीं आहेत. करार किंवा सिद्ध झालेली रूढि असल्यावांचून व्याजावर व्याज मिळत नाहीं. बँकांच्या बाबतींत मात्र ठराविक मुदतीनंतर व्याज मुद्दलांत मिळविण्याची पद्धति ही प्रस्थापित बँक-व्यवहाराची रीत आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २००१ सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या प्रकरणांत मान्य केलें. परंतु शेतीच्या कर्जांना तीच फूटपट्टी लावतां येत नाहीं, हेंहि न्यायालयांनीं आणि रिझर्व्ह बँकेनें वेळोवेळीं सांगितलें आहे. याचें कारण मुखेडच्या कोरडवाहू शिवारांत उभें राहिलें म्हणजे तत्काळ कळतें. ज्याच्या हातीं वर्षांतून एकदां, फार तर दोनदां पीक येतें, त्यानें दर तीन महिन्यांनीं व्याज भरावें, न भरल्यास तें मुद्दल व्हावें, असें गृहीत धरणें म्हणजे निसर्गानेंच न केलेला करार त्याच्या गळ्यांत बांधणें होय. रूढि ही व्यवसायाच्या स्वभावांतून निघाली पाहिजे. एका व्यवसायाची रूढि दुसऱ्यावर लादली तर ती जुलूम होते.

येथून रूढीच्या चौथ्या कामाकडे येतां येतें. तें म्हणजे दामदुपटीचा नियम. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, असा हा नियम मनुस्मृतींत आणि पुढील धर्मशास्त्रग्रंथांत आढळतो, आणि मुंबई इलाख्यांत तो न्यायालयांनींहि पाळला. दहा हजारांचें कर्ज कितीहि वर्षें थकलें तरी एका वेळीं दहा हजार मुद्दल आणि दहा हजार व्याज, यापलीकडे मागणी जात नाहीं. १८५५ च्या कायद्यानें दरावरील बंधनें उठविलीं, तरी दामदुपट उठली नाहीं. मात्र नियमांतील 'एका वेळीं' हे शब्द विसरून चालत नाहीं. दरवर्षीं थोडेंथोडें करून फेडलेलें व्याज या मर्यादेंत धरीत नाहींत; थकून एकत्र झालेल्या व्याजालाच ती लागते. शिवाय जुन्या नियमाप्रमाणें कर्जदार हिंदु असावा लागे, आणि दावा दाखल झाल्यानंतरच्या व्याजास ती मर्यादा लागत नसे.

या नियमाच्या अभावीं किंवा त्याला बगल दिल्यानें काय होतें, हें दख्खननें पाहिलें आहे. थकलेलें व्याज मिळवून नवा रोखा करावयाचा, म्हणजे कालचें व्याज आजचें मुद्दल होई आणि दामदुपटीची मर्यादा दर नव्या रोख्याबरोबर पुढें सरके. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख होता तो मुख्यतः कर्जरोख्यांच्या कागदांवर. त्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. पुणें, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांसाठीं केलेल्या या कायद्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या मागें जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला; मुद्दल आणि व्याज निराळें काढावें आणि मुद्दलांत मुरविलेलें व्याज मुद्दल म्हणून धरूं नये, असें सांगितलें. सोलापूरच्या सरहद्दीपलीकडील निजामी मुलुखाला हा कायदा लागू नव्हता. हैदराबाद संस्थानानें आपला स्वतंत्र सावकारी कायदा केला तो १३४९ फसलींत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास.

मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानें दामदुपटीचें तत्त्व, कर्जदाराचा धर्म न पाहतां, कलमांतच उतरविलें: कोणत्याहि न्यायालयानें मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा करूं नये. १९५९ च्या एकीकरणाच्या कायद्यानें मराठवाडा या व्यवस्थेखालीं आला. २०१४ सालीं या कायद्याची जागा महाराष्ट्राच्या नव्या सावकारी नियमन कायद्यानें घेतली आणि दराची कमाल मर्यादा ठरविण्याचें काम सरकारकडे राहिलें. रूढि म्हणून जन्मलेला नियम अखेर कायदा झाला. तरी त्याचें मूळचें बळहि संपलें नाहीं. १९८८ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका गहाणाच्या प्रकरणांत दामदुपटीचा नियम साध्या कर्जाप्रमाणें गहाणालाहि लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला.

मुखेडच्या बाजूच्या माणसाला हे सारे कायदे एकदम लाभले नाहींत. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें. १ एप्रिल १९५१ पासून भारताचे अनेक मध्यवर्ती कायदे तेथें लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. १८३९ चा जुना कायदा रद्द करणारा १९७८ चा व्याजाचा कायदा १९ ऑगस्ट १९८१ रोजीं अंमलांत आला, आणि त्यानंतर आठच दिवसांनीं, २७ ऑगस्ट रोजीं, मुंबई उच्च न्यायालयाचें काम आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, सुरू झालें. अपील करण्यासाठीं मुंबई गांठण्याचा खर्च पुष्कळदां वादांतल्या व्याजाहून अधिक असे. त्या दृष्टीनें ही दुसरी तारीख पहिलीइतकीच मोलाची होती.

१९७८ च्या कायद्यानें न्यायालयाचा अधिकार रुंदावला. कर्ज असो वा नुकसानभरपाई, दाव्यापूर्वींच्या काळाचें व्याज चालू दराच्या मर्यादेंत देण्याची त्याला मुभा मिळाली. आणि हा चालू दर बँकांच्या मुदतठेवींच्या दरावरून ठरावयाचा. व्याजावर व्याज मात्र त्या कलमाखालीं देतां येत नाहीं. इतकें करूनहि कायदेमंडळानें रूढीचें दार बंद केलें नाहीं. 'कायद्याचें बळ असलेल्या रूढीनें' जेथें व्याज मिळतें तेथें तें मिळेलच, असें पुढच्याच कलमांत स्पष्ट लिहिलेलें आहे. १९३८ च्या निर्णयांतले शब्द अशा रीतीनें कायद्याच्या मजकुरांत आले.

दावा दाखल झाल्यानंतरचें व्याज निराळ्या वाटेनें जातें. दिवाणी व्यवहारसंहितेच्या ३४ व्या कलमाप्रमाणें दाव्यापासून हुकूमनाम्यापर्यंत वाजवी दर, आणि हुकूमनाम्यापासून फेडीपर्यंत साधारणतः शेकडा सहांपर्यंत, अशी व्यवस्था आहे. व्यापारी व्यवहारांत सहांची मर्यादा ओलांडतां येते, अशी दुरुस्ती १९७६ सालीं झाली. तेथें कराराचा दर किंवा, तो नसेल तर, राष्ट्रीयीकृत बँकांचा व्यापारी कर्जाचा दर ही वरची सीमा. आणि कांहीं ठिकाणीं कायद्यानें रूढीला पूर्णपणें बाजूस सारलें आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिपटीनें, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावें, असें २००६ चा कायदा सांगतो. 'आमच्या धंद्यांत सहा महिने उधारी चालतेच' हें उत्तर तेथें चालत नाहीं. बाजार समितीच्या आवारांत शेतकऱ्यानें विकलेल्या मालाची किंमत त्याच दिवशीं चुकती करावी, या नियमापुढेंहि उशिरा पैसे देण्याची रीत मान वर करूं शकत नाहीं.

या विवेचनांतून व्यवहारी माणसानें घ्यावयाचा बोध मोठा कठीण नाहीं. बिलावर मुदत आणि दर या दोन गोष्टी छापाव्या आणि त्याखालीं घेणाऱ्याची सही घ्यावी. मग रूढि सिद्ध करण्याच्या खटाटोपांत पडण्याचें कारणच उरत नाहीं. सही घ्यावयाची राहून गेली असेल तर पैसे थकतांच, व्याज आकारलें जाईल असें लिहून रकमेची मागणी करावी. कारण त्या पत्राच्या तारखेपासून न्यायालयाला व्याज मोजतां येतें, न लिहिलेल्या पत्राच्या तारखेपासून येत नाहीं. ज्याच्याकडून व्याज मागितलें जात आहे, त्यानें घाबरून जाऊं नये आणि उर्मटपणाहि करूं नये. दर कोणी ठरविला, व्याज मुद्दलांत मुरविलें आहे काय, आणि मागणी दुपटीच्या पलीकडे गेली आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. हे नियम मोंढ्यापुरतेच आहेत असें नव्हे. आप्तांना दिलेली रक्कम, कारागिराचें थकलेलें बिल, भागीदाराकडे राहिलेलें येणें, या प्रत्येक ठिकाणीं सुशिक्षित कुटुंबांतहि 'समजलेलेंच आहे' या शब्दांवर विसंबून व्यवहार होतात.

समजलेलें काय होतें, हें मागाहून ठरविण्याचें कठीण काम न्यायालयावर येऊन पडतें. आणि त्यासाठीं तें सौद्याच्या दिवसाकडे परत जातें. त्या दिवशीं, दोघांचेंहि मन स्वच्छ असतांना, कोणी मोठ्यानें विचारलें असतें कीं, 'पैसे थकले तर काय?', तर ज्या उत्तराला दोघांनींहि मान हलविली असती, तें उत्तर म्हणजे रूढि. एकानेंच हलविली असती, तर ती त्याची इच्छा. इच्छेवर व्याज चढत नाहीं.